एर्ग६ काढलं की ट्रिप्टोफॅन का अडतं

यीस्टच्या डब्ल्यू३०३ स्ट्रेनमधून एर्ग६ हे स्टेरॉल बनवण्यातलं जनुक काढून टाका, नेहमीच्या सिंथेटिक कम्प्लीट प्लेटवर थेंब द्या आणि दोन दिवसांनी बघा. मूळ स्ट्रेनच्या कॉलन्या टाचणीच्या डोक्याएवढ्या झालेल्या असतात, आणि शेजारी एर्ग६ नसलेल्या पेशींचा नुसता धुरकट डाग दिसतो. हेच डिलीशन, म्हणजे जनुक काढणं, बीवाय४७४१ या दुसऱ्या स्ट्रेनमध्ये करा. वाढ थोडी मागे राहते, पण तो धुरकट डाग काही दिसत नाही. जनुक तेच, प्लेटही तीच. फरक आहे तो ट्रिप१ या ट्रिप्टोफॅन बनवण्यातल्या मार्कर जनुकाचा. डब्ल्यू३०३ मध्ये ट्रिप१ बिघडलेलं असतं, म्हणून त्या पेशीला ट्रिप्टोफॅन हे अमिनो आम्ल बाहेरून आत घ्यावं लागतं. बीवाय४७४१ ते स्वतः बनवते.

स्टेरॉलच्या जनुकांवर काम करणाऱ्या प्रत्येकाने हा फरक सुरुवातीलाच नीट समजून घ्यावा असं मला कळकळीने वाटतं. नाहीतर पुढचे सहा महिने आपण पेशीपटलाचा अभ्यास करतोय असं समजून प्रत्यक्षात उपासमारीचा अभ्यास करत बसतो.

एर्गोस्टेरॉल हे यीस्टच्या पेशीपटलातलं मुख्य स्टेरॉल. ते बनण्याचा मार्ग अ‍ॅसिटाइल-कोए पासून सुरू होतो. पुढे मेव्हॅलोनेट, मग फार्नेसिल पायरोफॉस्फेट, मग एर्ग९ मुळे स्क्वॅलिन. एर्ग१ स्क्वॅलिनला ऑक्सिजन जोडतं, एर्ग७ त्याची चार कड्यांची घडी घालून लॅनोस्टेरॉल करतं. नंतर एर्ग११, एर्ग२४, एर्ग२५, एर्ग२६, एर्ग२७ अशी छाटाछाट होऊन झायमोस्टेरॉल मिळतं. गजकर्णावरच्या मलमातलं टर्बिनाफिन एर्ग१ च्या प्रथिनाला अडवतं आणि फ्लुकोनॅझोल एर्ग११ च्या. ही औषधं रोज विकली जातात, पण त्यांचं लक्ष्य समजलं ते बऱ्याच अंशी यीस्टमधल्या या कामामुळे.

झायमोस्टेरॉलपर्यंतची बहुतेक जनुकं नेहमीच्या हवेशीर वाढीत अत्यावश्यक असतात. ती काढली की पेशी मरते. शेवटची पाच मात्र काढता येतात: एर्ग६, एर्ग२, एर्ग३, एर्ग५, एर्ग४, याच क्रमाने. प्रत्येक डिलीशनमध्ये पेशी जगते, फक्त तिच्या पटलात एर्गोस्टेरॉलऐवजी वेगळंच स्टेरॉल भरलेलं असतं. एर्ग६ चं काम २४व्या कार्बनवर मिथिल गट जोडण्याचं. ते नसलं की पटलात झायमोस्टेरॉल आणि कोलेस्टा-ट्रायेनॉल वर्गातली स्टेरॉलं साठतात. म्हणून या पाच म्युटंटना ‘स्टेरॉल नसलेले’ म्हणू नये. स्टेरॉल भरपूर असतं, फक्त ते चुकीच्या आकाराचं असतं.

आणखी एक हिशेब लक्षात ठेवण्यासारखा आहे. एका एर्गोस्टेरॉल रेणूला ऑक्सिजनचे १२ रेणू लागतात: एर्ग१ ला १, एर्ग११ ला ३, एर्ग२५ ला ६, एर्ग३ ला १ आणि एर्ग५ ला १. त्यामुळे फ्लास्क किती भरला यावर स्टेरॉलचं प्रमाण बदलतं. २५० मिलिच्या फ्लास्कमध्ये ५० मिलिपेक्षा जास्त मीडियम घालू नका आणि शेकर मिनिटाला २०० फेऱ्यांच्या खाली ठेवू नका. रात्रभर दाटलेल्या कल्चरला ऑक्सिजन पुरत नाही. मग स्क्वॅलिन वाढतं, एर्गोस्टेरॉल घटतं, आणि तो परिणाम म्युटेशनचा समजला जातो. पेशी ६०० नॅनोमीटरला ओडी (कल्चरच्या दाटपणाचं माप) ०.८ ते १ असतानाच गोळा करा.

आता ट्रिप्टोफॅनकडे. एर्ग६ नसलेल्या पेशी ट्रिप्टोफॅन कमी घेतात, त्यांचं मीलन नीट होत नाही आणि त्यांच्यात डीएनए घालणंही जड जातं, हे गेबर आणि सहकाऱ्यांनी १९८९ मध्येच दाखवलं होतं. बरीच वर्षं त्याचा अर्थ ‘पटल बिघडलं म्हणून पंप मंदावला’ एवढाच लावला जाई. २००३ मध्ये उमेबायाशी आणि नाकानो यांनी खरं कारण दाखवलं. पंप मंदावलेला नसतो, तो पटलापर्यंत पोहोचलेलाच नसतो.

त्या पंपाचं नाव टॅट२. ट्रिप्टोफॅन जवळजवळ नसलं तरी शोधून आत ओढणारं हे परमिएज, म्हणजे पटलातलं वाहक प्रथिन. धडधाकट पेशीत त्याची रवानगी बाहेरच्या ट्रिप्टोफॅनवर ठरते. बाहेर कमी असेल तर गॉल्जी या प्रथिनं वाटून पाठवणाऱ्या कप्प्यातून टॅट२ पेशीपटलावर जातं. बाहेर मुबलक असेल तर गॉल्जीतूनच थेट व्हॅक्युओल या मोडतोडीच्या कप्प्याकडे, म्हणजे मोडीत. एर्ग६ नसलेल्या पेशीत हा निर्णयच फसतो. बाहेर ट्रिप्टोफॅनचा दुष्काळ असला तरी टॅट२ मोडीत निघतं.

मोडीचा शिक्का म्हणजे युबिक्विटिन हे छोटं प्रथिन. आरएसपी५ हे लायगेज (शिक्का जोडणारं एन्झाइम) आणि बुल१ सारखे त्याचे जोडीदार टॅट२ च्या शेपटाला युबिक्विटिनची साखळी लावतात. ती साखळी लागू दिली नाही तर एर्ग६ नसतानाही टॅट२ ची चुकीची रवानगी बरीचशी थांबते. या पुराव्याला मी सगळ्यात जास्त वजन देतो, कारण त्यातून टॅट२ चं प्रथिन आणि पटलावर नेणारी वाट दोन्ही शाबूत असल्याचं कळतं. बिघडते ती निवड. स्टेरॉल बरोबर असलं की टॅट२ पटलाच्या अशा तुकड्यांत बसतं जे थंड डिटर्जंटमध्ये विरघळत नाहीत, आणि तिथून ते वर जातं. स्टेरॉलचा आकार चुकला की ती जागा मिळत नाही आणि युबिक्विटिनचा शिक्का वरचढ ठरतो.

व्हॅक्युओलची वाट आखणारी जनुकं म्हणजे व्हीपीएस. १९८६ मध्ये दोन गटांनी ती स्वतंत्रपणे शोधली: रॉथमन आणि स्टीव्हन्स यांनी एका युक्तीने, बँकायटिस, जॉन्सन आणि एमर यांनी दुसऱ्या. दुसऱ्या गटाची युक्ती फार देखणी आहे. कार्बोक्सिपेप्टिडेज-वाय, म्हणजे सीपीवाय, हे व्हॅक्युओलचं एन्झाइम. त्याच्या पत्त्याचा भाग साखर फोडणाऱ्या इन्व्हर्टेजला जोडला. पाठवणी नीट झाली तर इन्व्हर्टेज व्हॅक्युओलमध्ये अडकतं आणि पेशीला सुक्रोज वापरता येत नाही. पाठवणी चुकली तर इन्व्हर्टेज बाहेर पडतं आणि सुक्रोजवर कॉलनी वाढते. म्हणजे वाढणारी प्रत्येक कॉलनी संशयित.

या जनुकांचे व्हॅक्युओलच्या रूपावरून ए ते एफ असे वर्ग पाडले आहेत. सगळे पाठ करायची गरज नाही, कामाला तीन पुरतात. सी वर्गात (व्हीपीएस११, १६, १८, ३३) ओळखू येईल असं व्हॅक्युओलच नसतं. ई वर्गात (व्हीपीएस४ आणि पुटिका आत वळवणाऱ्या एस्कॉर्ट या प्रथिनसंचाचे घटक) व्हॅक्युओलशेजारी एक फुगलेला कप्पा दिसतो, कारण एंडोसोमच्या, म्हणजे व्हॅक्युओलच्या वाटेवरच्या कप्प्याच्या, आत पुटिका वळत नाहीत. आणि रेट्रोमरची जनुकं (व्हीपीएस३५, २९, २६, ५, १७) व्हीपीएस१० हा सीपीवायचा वाहक गॉल्जीकडे परत आणतात. ती नसली की वाहक संपतो आणि सीपीवाय बाहेर गळतं. टॅट२ मोडीत जातं ते ई वर्गाच्या वाटेने.

आता प्रत्यक्ष काम. स्ट्रेन निवडण्यापासूनच सावध राहायला हवं. ट्रिप१ शाबूत असलेली आणि ट्रिप१ बिघडलेली अशी जोडी हवीच. डब्ल्यू३०३ मध्ये काम करायचंच असेल तर आधी ट्रिप१ असलेला पीआरएस३१४ सारखा सेंट्रोमिअर प्लाझ्मिड घाला आणि मग एर्ग६ काढा. उलटा क्रम लावला तर एर्ग६ नसलेल्या पेशींमध्ये प्लाझ्मिड घालताना हातात दोन-चार कॉलन्या येतात, त्यातल्याही काही सप्रेसर, म्हणजे दुसऱ्या म्युटेशनने दोष झाकलेल्या, निघतात.

‘मग बीवाय४७४१ च घेऊ’ असं म्हणून सुटता येत नाही. बीवाय स्ट्रेन एस२८८सी च्या वंशातल्या आहेत, आणि त्या वंशात हॅप१ या जनुकात टाय१ हा जागा बदलणारा डीएनएचा तुकडा घुसून बसलेला आहे. हॅप१ हा हीम आणि ऑक्सिजननुसार एर्ग जनुकं चालवणारा नियंत्रक. म्हणून बीवाय आणि डब्ल्यू३०३ यांच्या स्टेरॉलच्या आकड्यांची थेट तुलना करू नका. तुलना नेहमी आपल्याच मूळ स्ट्रेनशी.

डिलीशनसाठी जी४१८ या औषधापुढे तग देणारी कॅनएमएक्स कॅसेट, दोन्ही टोकांना ४५ ते ५० बेसचा जुळणारा भाग. डीएनए घातल्यावर पेशींना वायपीडी या सकस मीडियममध्ये ३० °से. ला किमान ३ तास सावरू द्या, मग जी४१८ च्या प्लेटवर, २०० मायक्रोग्रॅम प्रति मिलि. सिंथेटिक मीडियममध्ये जी४१८ वापरायचं असेल तर अमोनियम सल्फेट काढून मोनोसोडियम ग्लुटामेट १ ग्रॅम प्रति लिटर घाला, नाहीतर औषध नीट चालत नाही. कॉलन्या यायला तिसरा-चौथा दिवस उजाडतो. पहिल्या दिवशी वर आलेल्या मोठ्या कॉलन्या सोडून द्या. पीसीआर दोन्ही जोडांवर करा आणि मूळ जनुक उरलेलं नाही हे वेगळ्या प्रायमरने तपासा.

पीसीआर झाल्यावर गुणधर्म बघा. एर्ग६ नसलेल्या पेशी निस्टॅटिनला मूळ स्ट्रेनपेक्षा जास्त तग धरतात, कारण निस्टॅटिन एर्गोस्टेरॉलला धरतं. सायक्लोहेक्सिमाइडला मात्र त्या फार हळव्या असतात. वायपीडीमध्ये निस्टॅटिन १, २, ४ मायक्रोग्रॅम प्रति मिलि आणि सायक्लोहेक्सिमाइड ०.०५ व ०.१ मायक्रोग्रॅम प्रति मिलि अशा प्लेट करा. निस्टॅटिन उजेडात आणि उष्णतेत मरतं: अगार ५० °से. च्या आसपास आल्यावर घाला, प्लेट फॉइलमध्ये गुंडाळा, आठवड्यात वापरा. दोन्ही परीक्षा उलट दिशेने लागल्या तरच स्ट्रेनवर विश्वास ठेवा. नुसती निस्टॅटिनला तग धरणारी कॉलनी शेवटच्या पाचांपैकी दुसऱ्या एखाद्या जनुकातला बिघाडही असू शकते.

ट्रिप्टोफॅनच्या प्लेटा मी चार करायला सांगेन: १०, २०, ५० आणि २०० मिग्रॅ प्रति लिटर. ट्रिप्टोफॅनचा ५ मिग्रॅ प्रति मिलि साठा गाळून निर्जंतुक करा, ऑटोक्लेव्ह नको, आणि ४ °से. ला अंधारात ठेवा. पिवळसर झाला की टाकून द्या. कॅसअमिनो अ‍ॅसिडमध्ये ट्रिप्टोफॅन असेल असं धरू नका, अ‍ॅसिडने केसिन फोडताना ते नष्ट होतं. पेशी ओडी १ ला आणा आणि निर्जंतुक पाण्याने दोनदा धुवा. हे धुणं चुकवू नका, वायपीडीतलं ट्रिप्टोफॅन चिकटून आलं तर पहिल्या थेंबात फरक दिसत नाही. मग दहा-दहा पट पातळ करत ५ मायक्रोलिटरचे थेंब, ३० °से. ला २ ते ३ दिवस. गार खोलीत ठेवू नका. कमी तापमानात ट्रिप१ नसलेल्या धडधाकट स्ट्रेनलाही ट्रिप्टोफॅन आत ओढणं जड जातं.

वाचायचं असं: २०० मिग्रॅला वाढ सुधारली आणि ट्रिप१ प्लाझ्मिडनेही सुधारली, तर ती अडचण ट्रिप्टोफॅन आत घेण्याची होती. प्लाझ्मिड असूनही जेवढी वाढ मागे राहिली, तेवढा वाटा पटलाचा.

इथेच एक सापळा आहे. २०० मिग्रॅ ट्रिप्टोफॅनमध्ये पेशी छान वाढतात म्हणून त्याच मीडियममध्ये टॅट२-जीएफपीचे, म्हणजे चमकणारं जीएफपी प्रथिन जोडलेल्या टॅट२ चे, फोटो काढण्याचा मोह होतो. पण मुबलक ट्रिप्टोफॅनमध्ये मूळ स्ट्रेनचं टॅट२ सुद्धा व्हॅक्युओलमध्येच जातं, मग दोन्ही चित्रं सारखीच. उलट कमी ट्रिप्टोफॅनमध्ये ट्रिप१ नसलेली पेशी उपाशी पडते, आणि नायट्रोजनची उपासमार किंवा रॅपामायसिन हे औषध यांनीही टॅट२ मोडीत निघतं. म्हणजे रवानगी चुकली म्हणून पेशी उपाशी, की उपाशी म्हणून रवानगी चुकली, हे त्या स्ट्रेनमध्ये सुटतच नाही. ट्रिप१ शाबूत असलेल्या पेशीत कमी ट्रिप्टोफॅनवर केलेला प्रयोगच याचं उत्तर देतो.

टॅट२ चा वेस्टर्न करताना नमुना ९५ °से. ला उकळू नका. पटलातून अनेकदा आरपार जाणारी प्रथिनं उकळली की गुठळी होऊन जेलच्या तोंडाशीच अडकतात. ३७ °से. ला १० ते १५ मिनिटं पुरे. जीएफपी जोडलेलं असेल तर २७ किलोडाल्टनच्या आसपास सुटा पट्टा दिसतो, कारण व्हॅक्युओलमध्ये टॅट२ फुटतं आणि जीएफपी तग धरून राहतं. सुटा आणि अखंड यांचं गुणोत्तर हे चुकलेल्या रवानगीचं चांगलं माप आहे. पेप४ (व्हॅक्युओलमधल्या प्रथिनं फोडणाऱ्या एन्झाइमचं जनुक) काढलेल्या स्ट्रेनमध्ये तो सुटा पट्टा जवळजवळ नाहीसा व्हायला हवा. झाला नाही, तर प्रथिन व्हॅक्युओलबाहेर कुठेतरी फुटतंय.

स्टेरॉल काढणं सोपं आहे, पण निष्कर्ष काढताना घाई होते. ५० मिलि कल्चरमधल्या पेशी पाण्याने धुऊन ओला गोळा वजन करा. २५ ग्रॅम पोटॅशियम हायड्रॉक्साइड ३५ मिलि पाण्यात विरघळवून इथेनॉलने १०० मिलि करा. विरघळताना ते चांगलंच तापतं, बर्फावर करा. त्यातले ३ मिलि गोळ्यात घालून मिनिटभर व्होर्टेक्स, मग बोरोसिलिकेटच्या फिरकीच्या झाकणाच्या नळीत ८५ °से. च्या वॉटर बाथमध्ये १ तास. पूर्ण गार झाल्यावर १ मिलि पाणी आणि ३ मिलि एन-हेप्टेन घाला, ३ मिनिटं व्होर्टेक्स करा, वरचा थर उचला. प्लास्टिकची नळी नको आणि आसपास ज्योत तर नकोच. हा थर १०० टक्के इथेनॉलमध्ये पाचपट पातळ करून २४० ते ३०० नॅनोमीटर स्कॅन करा. एर्गोस्टेरॉलची आकृती चार शेंड्यांची असते, त्यातला २८१.५ चा मोजायचा. शेंडे बसके आणि सगळी रेघ वर उचललेली दिसली तर खालचा थर पिपेटमध्ये आला आहे.

आता घाई कुठे होते ते. हे शेंडे येतात ते कड्यातल्या ५ आणि ७ या जागच्या जोडीच्या दुहेरी बंधांमुळे. एर्ग३ किंवा एर्ग२ काढलं तर ती जोडी बनत नाही आणि शेंडे गायब होतात. एर्ग६ काढलं तर साठणाऱ्या काही स्टेरॉलांत ही जोडी शाबूत असते. म्हणजे एर्गोस्टेरॉल शून्य असूनही २८१.५ ला शेंडा दिसतो! एर्ग५ चंही तसंच. एर्ग४ मध्ये २८१.५ सोबत २३० ला जोरदार शोषण येतं, म्हणून त्याच्यासाठी स्कॅन २२० पासून सुरू करा. शेंडा बघून ‘डिलीशन झालंच नाही’ म्हणत चांगली स्ट्रेन फेकून देऊ नका. नेमकं कोणतं स्टेरॉल आहे ते जीसी-एमएसच सांगेल.

फिलिपिन या स्टेरॉल दाखवणाऱ्या चमकत्या रंगाबद्दलही तेच. ते ३ऱ्या कार्बनवरच्या हायड्रॉक्सिल असलेल्या स्टेरॉलला चिकटतं, त्यामुळे एर्ग६ नसलेली पेशीही निळी चमकते. स्टेरॉल कुठे आहे ते फिलिपिन दाखवतं, कोणतं आहे ते नाही. काही सेकंदांत फिकटही होतं, म्हणून आधी दुसऱ्या पेशीवर फोकस साधा आणि मग नव्या जागेचा फोटो घ्या.

सीपीवाय बाहेर गळतंय का हे बघायला कॉलनी ब्लॉट पुरेसा आहे. वायपीडीवर ठिपके वाढवा, त्यावर नायट्रोसेल्युलोज ठेवून रात्रभर ३० °से., मग पाण्याच्या धारेखाली पेशी पूर्ण धुवा, ५ टक्के दुधाने ब्लॉक करा आणि सीपीवायची अँटिबॉडी लावा. धन नियंत्रण म्हणून व्हीपीएस१० काढलेली स्ट्रेन, ऋण नियंत्रण म्हणून मूळ. पण एर्ग म्युटंटच्या पेशी सहज फुटतात, आणि फुटलेल्या पेशीतलं सीपीवायही कागदावर उतरतं. म्हणून जोडीला दुसरा कागद पीजीके१ या पेशीद्रवातल्या प्रथिनासाठी करा. त्यावरही डाग उठला तर तो पाठवणीचा दोष नाही, पेशी फुटलेल्या आहेत. वेस्टर्नवर आकारही बघा: गॉल्जीतलं रूप ६९ किलोडाल्टन, पक्व ६१. खरं व्हीपीएस गळतं तेव्हा बाहेर ६९ सापडतं. ६१ सापडलं तर व्हॅक्युओल फुटून आलंय.

एफएम४-६४ या रंगाने व्हॅक्युओल रंगवताना एर्ग म्युटंटना जास्त वेळ द्या. मूळ स्ट्रेनमध्ये १५ मिनिटं रंग आणि ३० ते ४५ मिनिटं चेस (रंग काढून ताज्या मीडियममध्ये ठेवणं) पुरतो. एर्ग म्युटंटमध्ये, विशेषतः दुहेरी डिलीशनमध्ये, एंडोसायटोसिसच, म्हणजे पटलाच्या पुटिका आत ओढणंच, मंद असू शकतं. एंड११ म्हणून एंडोसायटोसिसच्या म्युटंटांत सापडलेलं जनुक म्हणजेच एर्ग२ निघालं. ४५ मिनिटांनी दिसलेले लाल ठिपके ई वर्गाचा कप्पा आहेत की वाटेत अडकलेला रंग, हे ९० मिनिटांनी पुन्हा बघितल्याशिवाय लिहू नका. ई वर्गाचा कप्पा ९० मिनिटांनीही व्हॅक्युओलला चिकटून तसाच राहतो.

मंद वाढणाऱ्या स्ट्रेनमध्ये प्लेटवर ठेवून दिल्यावर जलद वाढणारे सप्रेसर वर येतात. पहिल्या शुद्ध कॉलनीचाच २० टक्के ग्लिसरॉलमध्ये साठा करून उणे ८० ला ठेवा, निदान तीन वेगवेगळ्या कॉलन्यांचा, आणि प्लेट दोन आठवड्यांनी फेकून द्या. नळीवर एर्ग६ च्या शेजारी ट्रिप१ ची स्थितीही लिहा, आणि प्लाझ्मिडवर असेल तर तेही, कारण वायपीडीवर दोनदा रेघाटलं की तो प्लाझ्मिड काही पेशींमधून गेलेला असतो.